बनूबाईचं मागणं

माझं लग्न होऊन मी उल्हासनगरला आले, त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी मला बाहेरून मोठमोठ्याने बोलण्याचा आवाज आला. हातातलं काम टाकून मी पडवीत धावले. मला वाटलं, सासूबाईंचं कुणाशी तरी वाजलंय. बघते तर सासूबाई आणि शेजारच्या गयाबाई जीन्सच्या ढिगाशेजारी गुडघे टेकून बसलेल्या, दोघींचे डोळे मिटलेले, आणि सासूबाई म्हणत होत्या, "बापा, मागच्या शुक्रवारी हेच सांगितलं होतं. आज परत सांगते. पुढच्या शुक्रवारीही येणार आहे, तेव्हा काय ते तू बघ."

मी ख्रिस्ती घरातलीच, जालन्याकडची. पण आमच्याकडे प्रार्थना म्हणजे जेवणाआधी दोन ओळी आणि रविवारी पाळक करतील ती. देवाला असं कुणी दटावताना मी ऐकलं नव्हतं.

सासूबाईंचं नाव बनूबाई. मी त्यांना आई म्हणते. आमचं घर कॅम्प चारमधल्या जुन्या लष्करी बरॅकीत, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत बारा महिने जीन्सचा ढीग. शिवून आलेल्या पँटींचे लोंबणारे धागे कापायचे आणि गठ्ठा बांधून कारखान्यात परत पाठवायचा, ह्या कामावर आईंनी नवऱ्यामागे सुजितला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाढवलं. कात्री चालायची तसे ओठही चालायचे. एक पँट हातात घेतली की एक माणूस. शेजारणीची सून, पाळकांची बहीण, कोपऱ्यावरच्या सिंधी दुकानदाराचा दमा. दुसऱ्यासाठी देवाकडे अशी रदबदली करणं, ह्याला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. आई त्याला नुसतं "मागणं" म्हणायच्या.

आणि शुक्रवारचं खास मागणं असायचं ते कोंडाजीमामांसाठी.

कोंडाजीमामा म्हणजे आईंचे थोरले भाऊ. अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होते, तिथेच पूर्वेला त्यांचं घर. मी आले तेव्हा ते निवृत्त झालेले होते आणि देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाऊल टाकत नव्हते. पण सुजित सांगायचा की एके काळी सगळ्या मंडळीत मामांसारखी प्रार्थना करणारा माणूस नव्हता. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळात ते होते. प्रार्थनेला उभे राहिले की मागच्या बाकावर कुजबुजणारी पोरं गप्प व्हायची. कुणाच्या घरी आजारपण आलं तर लोक आधी मामांना बोलवायचे, मग डॉक्टरला.

मग जनाबाईमामी आजारी पडल्या. मूत्रपिंडं गेली होती. बरेच महिने दवाखाना चालला, आणि शेवटी डॉक्टरांनी बोलणं कमी केलं, तेव्हा मामांनी उपास धरला. "जना उठून बसेल, तेव्हाच मी इथून उठेन," असं सांगून ते देवळात जाऊन बसले. सगळी मंडळी त्यांच्याबरोबर प्रार्थना करत होती. आणि इकडे त्यांच्या एकुलत्या मुलाने, सुयोगने, मामींना दवाखान्यातून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातच मामी गेल्या. मामांना निरोप पोचला तेव्हा ते गुडघ्यांवरच होते.

घरी येऊन दारातच उभे राहून त्यांनी विचारलं म्हणे, "हिला इथे कुणी आणलं?"

"मी," सुयोग म्हणाला.

"मी तिकडे देवाचे पाय धरून बसलो होतो आणि तू इकडे हात टेकलेस."

सुयोग काही बोलायला गेला तर मामांनी हात वर केला. तो हात पुढे कधी खाली आलाच नाही. माती झाली, मंडळी पांगली, आणि मामांनी दोघांशी बोलणं सोडलं. मुलाशी आणि देवाशी. सुयोग बदलापूरला भाड्याने राहायला गेला.

एकदा असं झालं की शुक्रवारी दुपारी मामा आधी न कळवता आमच्याकडे आले. पायरीशी चपला काढत होते आणि आत गयाबाईंचं मागणं चाललं होतं. गयाबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्या जोरात बोलतात. "प्रभू, त्या कोंडाजीचं दगडाचं काळीज फोड," असं अख्ख्या बरॅकीला ऐकू गेलं.

मी मामांच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायला पुढे झाले. त्यांनी तो घेतला नाही.

"बनू," ते म्हणाले, "माझं नाव इथे घ्यायचं नाही."

आईंनी डोळे उघडले. "सलाम, दादा. बस की."

"बसायला नाही आलो. मी सांगतोय ते ऐकलंस का? माझ्यासाठी कुणी देवाकडे काही मागायचं नाही. मी मागितलं तेवढं पुरे झालं. मला त्याच्याकडून काही नको."

"बरं," आई म्हणाल्या. "नाही घेणार तुझं नाव."

मामा चहा न घेता गेले. मला फार वाईट वाटलं. पण पुढच्या शुक्रवारी आईंनी गुडघे टेकले आणि शांतपणे सुरुवात केली, "स्वर्गातल्या बापा, ज्याचं नाव घ्यायला मला बंदी आहे, त्याच्यासाठी आले आहे. कोण ते तुला ठाऊक आहे." मला हसू आवरेना. आईंनी डोळे न उघडता माझ्या दिशेने कात्री उगारली.

वर्षं गेली. फळ काही दिसेना. उलट गाठ जास्तच घट्ट झाली. सुयोगने त्याच्या कंपनीतल्या मैत्रेयीशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मैत्रेयी बौद्ध घरातली, बदलापूरचीच, समजूतदार मुलगी. आम्ही लग्नाला गेलो. मामा आले नाहीत. सुयोग-मैत्रेयीला मुलगा झाला, सम्यक, तेव्हा आई स्वतः अंबरनाथला पेढे घेऊन गेल्या. मामांनी पेढ्यांचा पुडा शेजारी देऊन टाकला.

त्या दिवशी संध्याकाळी गयाबाई म्हणाल्या, "बने, आता पुरे. देवाचा आणि आपला दोघांचा वेळ चाललाय. दुसऱ्या कुणासाठी मागू. जगात माणसं काय कमी आहेत?"

"दुसऱ्यांसाठीही मागू," आई म्हणाल्या. "पण ह्याला सोडायचं नाही."

गयाबाई गेल्यावर मी भाकऱ्या थापत होते आणि आई शेजारी बसून लसूण सोलत होत्या. माझ्या मनात कधीपासून एक गोष्ट होती, ती मी विचारून टाकली. "आई, मामींसाठी पण एवढी प्रार्थना केली होती ना? सगळ्या मंडळीने केली. मामांनी तर अन्न सोडलं होतं. काय झालं त्याचं?"

आईंनी मान खाली घालून आणखी एक पाकळी सोलली. मला वाटलं, रागावल्या.

"जना का गेली ते मला कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पाळकांनी सांगितलं, ते मी ऐकलं, पण खरं सांगू? नाही कळलेलं. मी देवाला विचारते, तो सांगत नाही. पण कीर्ती, नाही म्हणायचं का हो म्हणायचं ते त्याच्या हातात. मागायचं माझ्या हातात आहे. मी मागायचं थांबवलं, तर त्याच्या आधी मीच नाही म्हणून मोकळी झाले. तो अजून नाही म्हणालेला नाही."

"एवढी वर्षं तो काहीच बोललेला नाही."

"मग? सुजित चालायला लागेपर्यंत मी काय त्याला फेकून दिलं?" आणि त्या लसणाच्या पाकळ्या माझ्यापुढे सरकवून उठल्या.

त्यांच्या ह्या खात्रीचा मला कधी कधी रागही यायचा. पण ती खात्री बसून राहणारी नव्हती, हेही मी बघत होते. आई महिन्यातून एकदा मामांकडे जायच्या, त्यांच्या आवडीचं सुकट नाहीतर तिखट मटण घेऊन, आणि परत येताना सुयोगकडे बदलापूरला. ह्याचं त्याला किंवा त्याचं ह्याला, एक अक्षर सांगायच्या नाहीत. "निरोप नेणारी मी कोण? ते काम ज्याचं आहे त्याला सांगून ठेवलंय," म्हणायच्या.

मग एका वर्षीचा जुलै आला. महिनाअखेरीस पाऊस असा लागला की आमच्या पडवीचा पत्रा दिवसरात्र वाजत होता. शनिवारी सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा सुयोगचा फोन आला. आवाज तुटत होता. "वहिनी, नदीचं पाणी घरात शिरलंय... पलंगापर्यंत... आम्ही वर गच्चीवर..." आणि फोन बंद. परत लावला तर लागेना. मैत्रेयीचाही लागेना. सुजित कामासाठी सुरतेला गेलेला. टीव्हीवर बदलापूर आणि वांगणीकडचं चित्र दाखवत होते, नुसतं पिवळट पाणी आणि त्यातून वर आलेली घरांची डोकी. सुयोगचं घर बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्याकडे. तळमजला.

आईंनी टीव्ही बंद केला आणि तिथेच खाली गुडघे टेकले.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. कोंडाजीमामा उतरले. छत्री नव्हती. त्या बाजूला लोकल गाड्या बंद, म्हणून अंबरनाथहून रिक्षा करून आले होते. केसांतून पाणी निथळत होतं आणि ओठ पांढरे पडले होते. ते पडवीत उभे राहिले, आईंकडे बघत.

"टीव्हीवर त्याची गल्ली दाखवली," ते म्हणाले.

"आत्ताच फोन आला होता, मामा," मी म्हणाले. "तिघं गच्चीवर आहेत. मग फोन बंद पडला."

मामांनी भिंतीला हात लावला. मग म्हणाले, "बनू, तुझं ते... चालू कर."

"चालूच आहे, दादा. ये. बस."

"मला आता येत नाही ते."

"तुला कोण म्हणतंय कर म्हणून? मी करते. तू आमेन म्हण."

मामा गुडघ्यांवर बसले. ओल्या कपड्यांनी, हात मांडीवर ठेवून. आईंनी फार लांबवलं नाही. सुयोग, मैत्रेयी आणि सम्यक, तिघांची नावं घेतली, त्यांना पाण्यातून काढ म्हणाल्या, काढायला जाणाऱ्यांच्या हातात बळ दे म्हणाल्या. "येशूच्या नावाने मागते." मग त्या थांबल्या. पत्र्यावर पाऊस वाजत होता. आणि मामांच्या तोंडून खरवडल्यासारखा शब्द आला, "आमेन."

लगेच आई उठल्या आणि पदर खोचला. "चल."

"कुठे?"

"बदलापूरला. कीर्ती, कोरडे कपडे घे आणि पोराचं दूध."

"अगं, रस्ते बंद असतील," मामा म्हणाले.

"आत्ता मागितलं ना आपण? मागितलेलं घ्यायला जायला नको?"

बाहेर मामांची रिक्षा अजून उभीच होती. रिक्षावाला अंबरनाथच्या पुढे यायला तयार नव्हता. आईंनी त्याला त्याच्या आईचं नाव विचारलं, तिच्या तब्येतीची चौकशी केली आणि तो निमूट पुढे निघाला. बदलापूरच्या उड्डाणपुलावरून पश्चिमेला उतरलो आणि थोडं पुढे गेल्यावर रस्ता उतारावर एका जागी संपला. पुढे पाणी. पोलिसांनी दोर बांधला होता. दोराअलीकडे पाचपन्नास माणसं भिजत उभी होती, प्रत्येकाचं कुणी ना कुणी पलीकडे. अग्निशमन दलाची रबरी बोट जाऊन माणसं आणत होती. एका शाळेत त्यांची सोय केली होती. मी शाळेत जाऊन सगळ्या खोल्या बघून आले. सुयोग नव्हता.

आम्ही दोरापाशी उभे राहिलो. बोट आली. तीत आमचं कुणी नव्हतं. परत गेली. परत आली. नाही.

आईंनी मोठ्याने मागायला सुरुवात केली. डोळे उघडे, पाण्याकडे लागलेले, हात छातीशी. लोक वळून बघू लागले. मामा अवघडले. "बनू, हळू."

"माझा आवाज बसलाय, दादा," आई म्हणाल्या, आणि खरोखरच तो बसला होता. सकाळपासून त्या ओठ हलवत होत्या. खोकला आला, पुढचे शब्द निघेनात. त्यांनी मामांचं मनगट धरलं. "आता तू."

"मला जमणार नाही."

"तुझं पोरगं आहे."

मामांनी पाण्याकडे बघितलं. मी त्यांच्या शेजारीच उभी होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. सुरुवातीला ते जवळजवळ पुटपुटतच होते.

"मी तुझ्याशी बोलत नाही, हे तुला माहीत आहे. माझ्या बायकोसाठी मागितलेलं तू ऐकलं नाहीस. माझा राग अजून गेलेला नाही, मी खोटं बोलणार नाही. पण माझा पोरगा तिकडे आहे. त्याची बायको आहे, तिचं तोंडही मी बघितलेलं नाही. लेकरू आहे. त्यांना माझ्या रागाची शिक्षा करू नकोस. माझं काय असेल ते माझ्याकडून वसूल कर. त्यांना आण."

शेवटच्या दोन शब्दांना त्यांचा आवाज चढला. मंडळीतली पोरं ज्या आवाजाने गप्प व्हायची तो हाच असणार, मी पहिल्यांदा ऐकत होते. आजूबाजूची कुजबुज थांबली.

मामांच्या उजवीकडे एक म्हातारी बाई उभी होती. कपाळावर मोठं कुंकू, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी. तिने त्यांच्या बाहीला हात लावला. "बाबा, माझा मालक पण तिकडंच हाय. धोंडिबा नाव. चालता येत नाय त्याला. त्याचं पण सांगा की."

मामा तिच्याकडे वळले. मग त्यांनी डोळे मिटले. "बापा, हिचा धोंडिबा. चालता येत नाही त्याला. त्याला उचलणारं कुणी पाठव."

"आमच्या दोन म्हशी दावणीला बांधल्यात," मागून एक माणूस म्हणाला. कुणी तरी हसलं, पण तो माणूस रडत होता.

"ह्याच्या म्हशी," मामा म्हणाले. "मुकी जनावरं आहेत. त्यांचं दावं सोडव."

मग नावं यायलाच लागली. विठा नावाची कुणाची तरी मुलगी, कुणाचे सासरे, कुणाचा मित्र. कुणी देव कुठला ते विचारलं नाही. मामा प्रत्येकाचं नाव विचारून घेत होते, नीट ऐकू आलं नाही तर परत विचारत होते, आणि पुढे मांडत होते. पावसात उभ्या उभ्या. आई त्यांचं मनगट धरून होत्या आणि दर नावाला, बसलेल्या आवाजात, आमेन म्हणत होत्या. एका नावाला मीही मोठ्याने आमेन म्हणाले आणि माझं मलाच नवल वाटलं.

दुपार कलली तेव्हा एका बोटीतून एक बाई उतरली. केस चेहऱ्याला चिकटलेले, पोर छातीशी बांधलेलं. मी ओळखायच्या आत ती दोराखालून वाकून अलीकडे आली. समोर मामा उभे होते. ओळख ना देख, एक वयस्कर माणूस एवढंच तिला दिसलं.

"काका, जरा ह्याला धरता का? माझे हात गळून गेलेत. पडेल तो."

मामांनी हात पुढे केले. पोर त्यांच्याकडे गेलं.

"मैत्रेयी!" मी ओरडले आणि तिला मिठी मारली. ती रडायला लागली. सुयोग कुठाय, सुयोग कुठाय, मी विचारत होते. ती म्हणाली, शेजारच्या घरातले एक आजोबा उचलून वर आणलेत त्याने, त्यांना चालता येत नाही, त्यांना घेऊन पुढच्या बोटीने येतोय. मग तिला आई दिसल्या. "आत्या!" म्हणून ती त्यांच्या गळ्यात पडली, आणि आईंच्या खांद्यावरून तिने आपल्या मुलाकडे बघितलं.

"आत्या, ते काका कोण?"

मैत्रेयीने मामांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. सुयोगचंच कपाळ, सुयोगचीच हनुवटी. तिला कळलं. ती मुलाला परत घ्यायला पुढे झाली नाही. मी दिलेला कोरडा टॉवेल तिने मामांकडे दिला आणि म्हणाली, "त्याचं डोकं पुसा, बाबा. त्याला सर्दी लगेच होते."

मामा पुसू लागले. सम्यकने त्यांच्या चष्म्याला हात घातला आणि तो ओढून काढला. मामांनी ओढू दिला.

पुढची बोट यायला खूप वेळ लागला. मामा दोराला लागून उभे होते, पोर खांद्यावर झोपलेलं. बोट आली तेव्हा सुयोग कमरेपर्यंतच्या पाण्यात उतरून एका म्हाताऱ्याला पाठुंगळीला घेऊन आला. ती कुंकवाची बाई "अगं बाई, मालक!" म्हणत दोराखालून धावली. सुयोगने धोंडिबाआजोबांना तिच्या स्वाधीन केलं, सरळ उभा राहिला, आणि त्याला त्याचे वडील दिसले.

मला वाटलं, आता काय होणार. आईंनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगड्या रुतल्या.

"सुयोग," मामा म्हणाले, "ती काय म्हणाली होती?"

कोण, कधी, हे सुयोगला विचारावं लागलं नाही. मामी गेल्या त्या सकाळपासून तो ह्या प्रश्नाची वाट बघत असावा.

"मला घरी ने म्हणाली. इथल्या नळ्या नकोत म्हणाली. मी म्हणालो, बाबांना बोलावून आणतो. तर म्हणाली, नको. ते माझ्यासाठी देवापुढे बसलेत, त्यांना उठवू नको. ते तिथे बसलेत म्हणून मला भीती वाटत नाही. असं म्हणाली, बाबा. रात्रभर शांत झोपली. सकाळी मी बघितलं तर..."

मामांनी झोपलेल्या पोराला एका हाताने सावरलं आणि दुसरा हात सुयोगच्या मानेवर ठेवला, त्याचं डोकं आपल्या खांद्याशी ओढलं. "हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हात वर केला होता."

"हो," मामा म्हणाले. "केला होता."

त्या दिवशी मामांनी सगळ्यांना अंबरनाथला आपल्या घरी नेलं. पाणी उतरल्यावर सुयोगच्या घरात फूटभर गाळ होता. मामा रोज जाऊन फावड्याने तो उपसत होते, ह्या वयात, कुणाचं न ऐकता. मैत्रेयी त्यांना बाबा म्हणते. ते तिला धर्माचं काही विचारत नाहीत आणि ती बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर परत लावत होती तेव्हा खिळा मामांनीच ठोकून दिला.

दोरापाशी ज्यांची नावं मामांनी घेतली होती, त्या प्रत्येकाची चौकशी त्यांनी गाळ उपसता उपसता केली. म्हशी वाचल्या, कुणी तरी वेळेवर दावं कापलं होतं. विठा नावाची मुलगी कल्याणला मावशीकडे सुखरूप होती. कुणाचे ते सासरे मात्र वारले. हे कळलं त्या दिवशी मामा आमच्याकडे आले आणि आईंसमोर पडवीत बसले.

"हे असं का, बनू? एकाच तोंडाने, एकाच जागी उभं राहून मागितलं होतं."

"मला नाही माहीत, दादा."

"जनाचंही उत्तर मला अजून मिळालेलं नाही."

"मलाही नाही."

मामांनी ढिगातली एक पँट हातात घेतली आणि परत ठेवली. मला वाटलं, आता उठून जातील आणि सगळं परत पहिल्यासारखं होईल. आई कात्री चालवतच होत्या, चेहऱ्यावर काळजीची रेघही नाही.

"त्यांची बायको एकटी पडली आहे," मामा शेवटी म्हणाले. "तिच्यासाठी मागायला पाहिजे."

"माग की. आणि उद्या तिच्याकडे जाऊन ये. मी भाकरी बांधून देते."

मामांनी गुडघे टेकले. गयाबाई तेवढ्यात आल्या, मामांना बघून दारातच थबकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "फुटला वाटतं दगड!" मामांनी डोळे न उघडता त्यांना हाताने बसायला सांगितलं.

तेव्हापासून शुक्रवारी दुपारी मामा असतात. मंडळीत वडील म्हणून परत या, असं पाळक त्यांना दोनदा म्हणाले. बघू, म्हणतात. रविवारी देवळात शेवटच्या बाकावर बसतात. मांडीवर सम्यक असतो, त्याला गप्प बसवता बसवता त्यांचं प्रवचनातलं निम्मं ऐकायचं राहतं.

जालन्याला माझा धाकटा भाऊ आहे. वडिलांच्या जमिनीवरून तो आमच्या घराशी तुटला आहे, माझा फोनही उचलत नाही. आईंनी मला एक दिवस त्याचं नाव विचारून घेतलं. "किती दिवस लागतील कोण जाणे," मी म्हणाले. "फार हट्टी आहे तो."

"असू दे," आई म्हणाल्या आणि ढिगातली पुढची पँट ओढली. "आम्हाला कुठे घाई आहे?"

ह्या शुक्रवारी त्याच्यासाठी मागणं मी स्वतः केलं. मोठ्याने.